शेअर्ड होस्टिंगवरून न्यूजलेटर: 200 मेलनंतर अडतं, गेलेले स्पॅममध्ये

पानगळ: वर्डप्रेसची साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे. न्यूजलेटरच्या यादीत साधारण 2,400 पत्ते. प्लगइन होस्टिंगच्याच सर्व्हरवरून मेल पाठवतं. तासाला 200 मेलची मर्यादा आहे. प्लगइन सगळे 'पाठवले' दाखवतं, पण बऱ्याच जणांना मिळतच नाहीत आणि जीमेलवाल्यांना स्पॅममध्ये सापडतात. एसपीएफ रेकॉर्ड (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) टाकलेलं आहे. मोठा प्लॅन घेतला तर सुटेल का? शिवाय सदस्यांना आपसात चर्चेसाठी मेलिंग लिस्ट हवी आहे, ती याच यादीवर चालेल का?

नोंदवही: मोठ्या प्लॅनने फार तर मर्यादा वाढेल, स्पॅमचा प्रश्न तसाच राहील. शेअर्ड सर्व्हरचा आयपी तुमच्यासोबत इतर अनेक साइट वापरतात. त्यातल्या एकीचा फॉर्म हॅक होऊन कचरा मेल सुटले की पत सगळ्यांचीच जाते.

'पाठवले' या शब्दावर विसंबू नका. पीएचपीचं मेल फंक्शन एवढंच सांगतं, की सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. मर्यादेवरचे मेल पुढे रांगेत थांबतात किंवा टाकून दिले जातात, आणि ते प्लगइनला कळत नाही. पासवर्ड रीसेट आणि संपर्क फॉर्मचे मेलही त्याच मर्यादेत मोजले जातात, म्हणून ते सुद्धा अडतात.

एसपीएफ असून उपयोग का नाही? या फंक्शनने गेलेल्या मेलचा रिटर्न-पाथ (न पोचलेला मेल परत येण्याचा पत्ता) बहुधा होस्टच्या सर्व्हरच्या नावाचा असतो. एसपीएफ तपासलं जातं त्या नावाचं. फ्रॉममधल्या तुमच्या डोमेनशी ते जुळत नाही, म्हणून डीमार्क, म्हणजे फ्रॉममधलं डोमेन खरंच पाठवणाऱ्याचं आहे का याची तपासणी, नापास.

साइट आहे तिथेच राहू द्या आणि न्यूजलेटर मेल पाठवणाऱ्या स्वतंत्र सेवेकडून एसएमटीपी किंवा एपीआयने (प्लगइन त्या सेवेला जोडण्याचे दोन मार्ग) पाठवा. त्यासाठी वेगळा सबडोमेन घ्या, म्हणजे यादीबद्दल तक्रारी आल्या तरी रोजच्या पत्रव्यवहाराला झळ कमी बसेल. सेवा डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) रेकॉर्ड देईल, ती डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) टाका. एका नावावर एसपीएफचं रेकॉर्ड एकच हवं. दुसरं जोडलं की दोन्ही निकामी. आधीचं असेल तर त्यातच नवा 'इन्क्लूड' (नव्या सेवेचे सर्व्हर मान्य करणारा भाग) घाला, आणि ते रेकॉर्ड तपासताना लागणारे एकूण डीएनएस लुकअप (नोंदींचे शोध) 10 च्या आत ठेवा. डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (फक्त अहवाल, कारवाई नाही) ठेवून काही आठवडे अहवाल वाचा, मगच 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये) करा.

नंतर जीमेलवर चाचणीचा मेल उघडून 'शो ओरिजिनल' पाहा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही पास हवेत आणि डीकेआयएमसमोर डोमेन तुमचंच हवं.

पानगळ: रेकॉर्ड टाकली, पण सेवेला डीकेआयएम सापडतच नाही.

नोंदवही: आधी नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनच्या नोंदी बाहेर देणारे सर्व्हर) बघा. ते दुसरीकडे असतील तर होस्टिंगच्या पॅनेलमध्ये काहीही लिहा, बाहेर दिसणार नाही. नेमसर्व्हर बरोबर असतील तर 'नेम'चा रकाना तपासा. बरीच पॅनेल तिथे डोमेन आपणहून जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलं असेल तर शेवटी डोमेन दोनदा लागलंय. पहिला भाग ठेवा, बाकी काढा.

टपालपेटी: सेवा बदलताना यादीही साफ करा. 5 ने सुरू होणारा कोड, उदाहरणार्थ 550, घेऊन परत आलेल्या मेलचा पत्ता लगेच बंद. 4 चा कोड तात्पुरता असतो, त्याला पुन्हा संधी द्या. नवे सदस्य पुष्टीच्या मेलनंतरच यादीत घ्या. जीमेल खात्यांवर दिवसाला 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं आहे. तुमची यादी लहान असली तरी ते ठेवाच. ज्याला बाहेर पडायला वाट सापडत नाही तो 'स्पॅम' दाबतो, आणि तक्रारी 0.3 टक्क्यांवर गेल्या की जीमेल हात आखडतं.

मेलमधली अनसबस्क्राइबची लिंक नुसती उघडून नाव कटता कामा नये. कंपन्यांचे सुरक्षा स्कॅनर मेलमधल्या लिंक स्वतःच उघडून पाहतात, आणि माणसाने काही न करता तो यादीबाहेर जातो. लिंकवर पान उघडू द्या आणि बटण दाबल्यावरच नाव काढा. एका क्लिकची सोय मेलच्या हेडरमध्ये असते आणि नुसती लिंक उघडून नव्हे तर वेगळ्या 'पोस्ट' विनंतीवर चालते, तिला ही अडचण नाही.

मराठीवाल्यांनी मेलचा आकारही पाहावा. जीमेल 102 केबीपुढचा भाग कापतं आणि तळची अनसबस्क्राइब लिंक दिसेनाशी होते. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीच्या दर चिन्हाला 3 बाइट लागतात. एडिटरने त्यांचे आकडी एचटीएमएल कोड केले तर 7. तसं होत असेल तर ते आधी बंद करा.

नोंदवही: चर्चेच्या लिस्टचं राहिलं होतं. ती याच यादीवर नको. न्यूजलेटरला होकार देणाऱ्याने इतरांची उत्तरं इनबॉक्समध्ये यायला होकार दिलेला नाही. वेगळी नोंदणी घ्या. मेलमॅन (मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर 'मंज फ्रॉम' (फ्रॉममध्ये पाठवणाऱ्याऐवजी लिस्टचा पत्ता घालणारी सेटिंग) चालू करा. लिस्ट विषयात टॅग आणि तळाला फुटर जोडते, त्याने पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही मोडते. ज्यांच्या डोमेनचं डीमार्क 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) आहे, त्यांचे मेल मग इतर सदस्यांकडून परत येतात. एप्रिल 2014 मध्ये याहूने ते धोरण लावलं तेव्हा असंख्य लिस्ट यामुळेच कोलमडल्या. परत आलेल्या मेलमुळे मेलमॅन काही चूक नसलेल्या सदस्यांचीच डिलिव्हरी थांबवतं, म्हणून पहिला मेल जायच्या आत ही सेटिंग करा.