दमट हवेत घर कसं स्वच्छ ठेवता? उग्र रसायनं नको आहेत

निशिगंध
आमच्याकडे हवा बाराही महिने दमट. सकाळी पुसलेली फरशी दुपारीही पायाला चिकट लागते, कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके येतात आणि बाथरूमच्या कोपऱ्यातली बुरशी कितीही घासली तरी पुन्हा उगवते. आईला दमा आहे, त्यामुळे ब्लीच किंवा झणझणीत वासाचं काहीही घरात आणायचं नाही. सध्या व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून वापरते. फेस भरपूर येतो, पण ठिपके तसेच. तुम्ही काय वापरता?

चिमणपाखरू
दोन्ही वेगवेगळे वापरा. एक आम्ल, दुसरा अल्कली. एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो. नळावरच्या पांढऱ्या क्षारांना व्हिनेगर, तेलकट चिकट डागांना सोडा.

कोरडं फडकं
निशिगंध, घरात दम्याचं माणूस आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्याही घरी तीच काळजी आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात, ते कुठल्याच बाटलीतल्या द्रवानं संपत नाहीत. आपल्या हातात आहे ती ओल. भिजलेली जागा 24 ते 48 तासांच्या आत पूर्ण वाळली, तर बहुधा बुरशी धरत नाही. म्हणून आधी एक आर्द्रतामापक आणा आणि कपाटाजवळ ठेवा. आकडा 60 टक्क्यांच्या खाली हवा, 50च्या खाली गेला तर फारच चांगलं. धुळीतले सूक्ष्म किडेसुद्धा कोरड्या हवेत टिकत नाहीत आणि दम्याला त्यांचाच मोठा त्रास असतो.

फरशी चिकट राहते ती बहुतेक वेळा जास्त पाण्यानं आणि जास्त साबणानं. फडकं घट्ट पिळा, मागोमाग कोरडं फडकं फिरवा, पंखा लावा. बाथरूममध्ये अंघोळ झाली की भिंतींवरचं पाणी वायपरनं ओढून काढायचं, घरातल्या प्रत्येकानं. साबणाचा थर आणि ओल, बुरशीला एवढं पुरतं. एक्झॉस्ट फॅन नंतरही थोडा वेळ चालू राहू द्या. खिडकी मात्र बाहेरचा अंदाज घेऊन उघडा. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा ओली असेल तर आपण ओलच आत घेतो.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बाहेरच्या बाजूची भिंत थंड असते, मागे हवा खेळत नाही, मग तिथे दव धरतं. आणि ठिपके एकाच जागी पसरत असतील, रंगाला पोपडे येत असतील, तर ती पाण्याची गळती समजा. गळती बंद होईपर्यंत पुसण्याला अर्थ नाही.

आत्ता आहे ती बुरशी कोरड्या ब्रशनं अजिबात घासू नका, बीजाणू घरभर उडतात. आईंना दुसऱ्या खोलीत बसवा, दार लावा, मास्क आणि हातमोजे घाला. 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फवारा, दहा मिनिटं राहू द्या, पुसून घ्या आणि जागा कोरडी करा. त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं, वास राहत नाही. रंग उडू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा. ते व्हिनेगरबरोबर एका बाटलीत कधीही मिसळू नका, त्यातून श्वासनलिकेला झोंबणारं आम्ल तयार होतं. आणि कुणी घरात ब्लीच आणलंच, तर त्याच्या जवळपासही व्हिनेगर नको. क्लोरीन वायू सुटतो.

निशिगंध
कपाट आजच ओढते. ओटा संगमरवरी आहे, त्यावर व्हिनेगर चालेल का?

कोरडं फडकं
नाही. लिंबूही नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं आणि गेलेली चकाकी पुसून परत येत नाही. सौम्य साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं.

फडक्यांकडेही बघा. ओलं फडकं घडी करून बादलीवर टाकलं की त्यालाच कुबट वास लागतो आणि दुसऱ्या दिवशी तोच वास आपण फरशीवर फिरवतो. रोज धुऊन, पिळून, पूर्ण पसरून वाळत घाला. न वाळलेलं वापरूच नका, दुसरं घ्या.