बॅकपास: पाय कुठला आणि हेतू कुठला

फुटबॉलमध्ये बॅकपास, म्हणजे सहकाऱ्याने मागे दिलेला बॉल, गोलकीपरने हातात घ्यायचा नसतो. डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आलेला बॉलही बॅकपासच, असं काही जण म्हणतात. तसं नाही. 1992 पासूनचा हा नियम सहकाऱ्याने पायाने, म्हणजे पावलाने, मुद्दाम गोलकीपरकडे मारलेल्या बॉलपुरता आहे. डोकं, छाती, गुडघा चालतात. टॅकल करताना बूट लागून बॉल मागे घरंगळला, तरी कीपरने खुशाल उचलावा. सहकाऱ्याचा थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हाताने फेकलेला बॉल) मात्र थेट हातात घेता येत नाही.

चूक झाली तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत), पेनल्टी नाही; कार्डही नाही. जागा गोल एरियाच्या (गोलसमोरच्या छोट्या चौकटीच्या) आत असेल तर बॉल त्याच्या सहा यार्डांच्या रेषेवर ठेवतात, बचाव करणारे गोलरेषेवर पोस्टच्या मध्ये उभे राहू शकतात. पण नियम चुकवायला मुद्दाम पावलाने बॉल उडवून डोक्याने कीपरला देण्याची युक्ती खेळाडूने केली, तर त्याला यलो कार्ड पक्कं.