शब्दचर्चा : ‘अनुशेष’, ‘थकबाकी’ आणि ‘तूट’

विचारणा (सांगली) : राज्याची अर्थव्यवस्था वाढत असताना आणि सिंचनावर दरवर्षी खर्च होत असतानाही एखाद्या जिल्ह्याचा ‘अनुशेष वाढला’ असे वाचनात येते. अनुशेष म्हणजे मागे राहिलेली बाकी असेल, तर खर्च होऊनही ती वाढते कशी? त्याऐवजी ‘थकबाकी’ किंवा ‘तूट’ म्हणता येईल काय?

उत्तर (सातारा) : ‘थकबाकी’ म्हणता येणार नाही. पाणीपट्टी थकते तेव्हा शेजाऱ्याने किती भरली यावर आपला आकडा ठरत नाही. अनुशेषाचा आकडा मात्र इतरांच्या स्थितीवरच ठरतो. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात राज्याची सरासरी हा मापदंड धरला. सरासरीखालच्या जिल्ह्याला तिथवर आणण्यासाठी जेवढे रस्ते, जेवढे सिंचन लागेल तो भौतिक अनुशेष, त्यासाठी लागणारा पैसा तो आर्थिक अनुशेष, आणि सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य. पुढारलेले जिल्हे वेगाने वाढले की सरासरीच वर सरकते, त्यामुळे मागच्या जिल्ह्यात कामे होऊनही त्याचा अनुशेष वाढू शकतो. बांधकाम महागले तर भौतिक अनुशेष तेवढाच राहून आर्थिक अनुशेष फुगतो. दांडेकर समितीचा आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता, तर १९९४ ची स्थिती धरून निर्देशांक व अनुशेष समितीने काढलेला १४,००० कोटींच्या वर गेला. हे दोन आकडे शेजारी मांडून ‘मागासलेपण चौपट झाले’ असे लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

‘तूट’ हा शब्द सरकारच्या जमेपेक्षा खर्च जास्त होतो त्या महसुली व राजकोषीय तुटीसाठीच राखून ठेवावा.

पुरवणी (आटपाडी) : वरील व्याख्येप्रमाणे ‘जतचा अनुशेष’ किंवा ‘माण-खटावचा अनुशेष’ हे प्रयोग काटेकोर ठरत नाहीत, कारण त्या मोजणीचा घटक जिल्हा होता आणि कृष्णाकाठच्या वाळव्याचे भिजलेले रान व जतचे कोरडे रान एकाच सरासरीत मिसळत होते. तरीही लोकांनी हा शब्द तालुक्याला लावला तो योग्यच केला, असे माझे मत आहे. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची मागणी याच दुष्काळी पट्ट्यातून होत आली, आणि २०११ मध्ये नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीनेही असमतोलाचा विचार तालुका पातळीवर केला. (आपले दोन्ही जिल्हे ज्या विकास मंडळात होते त्याचे नाव ‘उर्वरित महाराष्ट्र’, शेष काय आणि उर्वरित काय, अर्थ एकच!)

राज्याराज्यांतील तफावतीसाठी मात्र ‘अनुशेष’ वापरू नये. तेथे केंद्राच्या करांतील राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या वित्त आयोगाचा निकष ‘उत्पन्नातील अंतर’ हा आहे. पंधराव्या आयोगाने करांच्या वाटपात त्याला ४५ टक्के भार दिला. हे अंतर सरासरीपासून मोजत नाहीत, वरच्या दरडोई उत्पन्नाच्या राज्यापासून मोजतात, म्हणून सरासरीच्या वर असलेल्या राज्याचेही अंतर शून्य होत नाही.