एकच लढाई दोन्ही बाजूंनी दाखवणारे सिनेमे सुचवा

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातून एका शनिवारी प्रोजेक्टरवर सिनेमा लावतो. पंधरा-वीस टाळकी जमतात, निम्मी साठीच्या पुढची. निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

गेल्या दोन महिन्यांत क्लिंट ईस्टवूडची जोडी लावली. 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' आणि 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा', दोन्ही २००६ चे, लढाई एकच, दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर झालेली १९४५ ची अमेरिका-जपान लढाई. पहिला बघून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. बेटावर झेंडा रोवणाऱ्या अमेरिकन सैनिकांना युद्धरोखे विकायला गावोगाव फिरवण्यातच बराच वेळ जातो, आणि जपानी सैनिक जवळपास दिसतच नाही. डोंगरातल्या बिळातून बंदुकीची नळी तेवढी बाहेर येते. दुसऱ्या सिनेमात आपण त्याच बिळात बसलेले असतो! मागून एक काका जोरात म्हणाले, "अरे, हे तेच की!"

तो सिनेमा जपानीत, सबटायटल इंग्रजी आणि बारीक. अकरावीतली एक मुलगी मोठ्याने मराठी करून सांगत होती. जखमी अमेरिकन पोरगा मरतो आणि जपानी अधिकारी निशी (खरा माणूस, १९३२ च्या ऑलिंपिकमधला घोडेस्वारीचा सुवर्णविजेता) त्याच्या आईचं पत्र आपल्या माणसांना जपानीत वाचून दाखवतो. त्यात काय, तर कुत्री कुंपणाखालून खणून पळाली. एक काकू म्हणाल्या, "मागे घे गं, परत सांग."

तर आता असंच काही हवंय. दोन्हीकडच्या माणसांना नाव-चेहरा असावा, आणि ज्याची त्याची भाषा असावी. नुसते 'शत्रूच्या बाजूचे' नकोत. अडीच तासांच्या आत बसावा, कारण दहाला वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा राहतो. 'द लाँगेस्ट डे' (१९६२) त्यातच गेला, तीन तासांचा आहे. 'टोरा! टोरा! टोरा!' कसा आहे?

आणि आपल्याकडचं? पानिपतावर भाऊसाहेबांची बखर आहे, शिवाय पलीकडच्या छावणीत शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाचा वृत्तांतही आहे. दोन्ही बाजूंचा मालमसाला घरातच पडलाय. यावर कुणी काही केलंय का?

प्रतिसाद १
'टोरा' (१९७०) बिनधास्त लावा, वेळेत बसतो. जपानी भाग जपानी दिग्दर्शकांनीच केलाय. आधी कुरोसावा होते, मग फुकासाकू आणि मासुदा आले. माणसांच्या सुखदुःखात फार शिरत नाही, त्यात इवो जिमाची सर नाही. मजा आहे ती दोन्हीकडच्या घोळांत. इकडे अमेरिकनांना रडारवर विमानं दिसतात आणि वरचा म्हणतो, काळजी नको. तिकडे वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीत एक साहेब अमेरिकेला द्यायचा खलिता रखडत टाइप करत बसलाय आणि तोवर पर्ल हार्बरवर बॉम्ब पडलेत.
१९७६ चा 'मिडवे' मात्र नको. सगळे जपानी इंग्रजी झाडतात, तोशिरो मिफुनेचा आवाजसुद्धा दुसऱ्याचा. २०१९ चा घ्या, त्यात जपानी बोलतात.

धागाकर्ता
आभार. टाइप करणारा साहेब वाचून आमच्या सोसायटीच्या नोटिसा आठवल्या. 'टोरा' पक्का. मराठी सबटायटलची फाइल कुणी केली असेल तर सांगा, अकरावीवालीची या महिन्यात परीक्षा आहे.
पानिपताचा प्रश्न अजून तसाच आहे हं.