लीड गिटारिस्ट, ट्वँग, चिकन पिकिंग : कंट्री संगीतातल्या या शब्दांना मराठीत काय म्हणावं?

मोडीवाचक

अमेरिकन कंट्री संगीताच्या १९५० ते १९७५ या बहराच्या काळात गायकांबरोबर दौऱ्यावर असणाऱ्या गिटारवादकांवर मराठीत टिपण लिहितोय. ल्यूथर पर्किन्स (जॉनी कॅश), डॉन रिच (बक ओवेन्स), रॉय निकल्स (मर्ल हॅगर्ड) आणि लिऑन ऱ्होड्स (अर्नेस्ट टब) ही नावं नक्की आहेत. अडलेले शब्द असे: लीड गिटारिस्ट, साइडमन, किकऑफ, फिल, टर्नअराउंड, बेंड, ट्वँग, चिकन पिकिंग. पहिल्यासाठी 'प्रमुख गिटारवादक' चालेल का?

तारसप्तक

'प्रमुख' नको. त्यातून हुद्दा कळतो, काम कळत नाही. लीड म्हणजे गाण्याची चाल आणि मधले तुकडे वाजवणारी गिटार, ऱ्हिदम म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून लय चालवणारी. आपले ऑर्केस्ट्रावाले वर्षानुवर्षं 'लीड' आणि 'ऱ्हिदम' असंच म्हणत आलेत, तेच ठेवा.

'प्रमुख'ने गोंधळ कसा होईल ते बकारूजच्या, म्हणजे बक ओवेन्सच्या वाद्यवृंदाच्या, उदाहरणावरून पाहा. बक ओवेन्स स्वतः टेलिकास्टरचा (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) पट्टीचा वादक. कॅपिटल या तबकडी कंपनीच्या हॉलिवूडमधल्या ध्वनिमुद्रणांत तो इतर गायकांसाठी लीड वाजवत असे. डॉन रिच त्याच्याकडे आला तो फिडलवादक म्हणून, पुढे लीड गिटार त्याच्याकडे गेली. मग या वाद्यवृंदातला 'प्रमुख' गिटारवादक नेमका कोण?

'साइडमन'ला मात्र 'साथीदार' चपखल बसतो. पोवाड्यापासून मैफिलीपर्यंत सगळीकडे रुळलेला शब्द आहे.

अर्धमात्रा

डॉन रिच गातही असे. त्यासाठी 'झीलकरी' कसा वाटतो?

तारसप्तक

झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतो, ओळीच्या शेवटी झील ओढतो. रिच बकच्या बरोबरीने, त्याच क्षणी, त्याच शब्दांवर वरच्या सुरांत गात असे. दोन्ही आवाज ओळभर समांतर चालतात, त्यामुळे झीलकरी चुकीचा ठरेल. 'वरच्या पट्टीतला जोडआवाज' असं साधं लिहा.

पाचवा पडदा

शब्दांच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करा, नाहीतर सगळं टिपणच घसरेल. दौऱ्यावरचा वादक आणि ध्वनिमुद्रणातला वादक ही बरेचदा वेगवेगळी माणसं असत. हॅगर्डच्या 'वर्किंग मॅन ब्लूज'च्या १९६९च्या मूळ तबकडीवर लीड आहे जेम्स बर्टनची. रंगमंचावर तेच गाणं रॉय निकल्स वाजवत असे. मूळ तबकडी ऐकून 'निकल्सची खासियत' म्हणून वर्णन केलंत, तर वर्णन बर्टनचं होईल.

म्हणून दौऱ्यावरच्या वादकांसाठी प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं धरा. बकारूजसाठी २५ मार्च १९६६चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम. निकल्ससाठी १० ऑक्टोबर १९६९चा ओक्लाहोमातल्या मस्कोगीचा, त्यात 'वर्किंग मॅन ब्लूज'ही आहे, तेव्हा तुलना आयती मिळते. कॅशसाठी दोन लागतील: १३ जानेवारी १९६८ला फॉल्सम तुरुंगात लीड पर्किन्सची आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घराला लागलेल्या आगीत भाजून पर्किन्स गेला. २४ फेब्रुवारी १९६९ला सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याच्या जागी बॉब वूटन आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. वूटनने पर्किन्सची पद्धत किती तंतोतंत उचलली होती ते लगेच कळतं.

अर्नेस्ट टबच्या बाबतीत शोधाशोध कमी. वादनाचा तुकडा सुरू होताना टब वादकाला नावाने हाक मारत असे. बिली बर्ड आणि त्याच्यानंतरचा लिऑन ऱ्होड्स श्रोत्यांना नावानिशी माहीत होण्यात या सवयीचा मोठा वाटा आहे.

खर्जी

आता बेंड. याला नवा शब्द पाडायची गरजच नाही, 'मींड' आहे. सतारीवर पडद्यावरची तार आडवी खेचून वरचा सूर काढतात, गिटारवर ती ढकलतात किंवा ओढतात. क्रिया तीच. फरक पल्ल्याचा: सतारीवर चार-पाच सुरांची मींड निघते, गिटारवर सहसा अर्धा ते दीड स्वर. 'घसीट' मात्र बेंडसाठी वापरू नका, ती स्लाइड.

रॉय निकल्सबद्दल लिहिताना तर आपल्याकडे इंग्रजीपेक्षा नेमका शब्द आहे. तो पुष्कळदा तार आधी खेचून ठेवतो, मग छेडतो आणि सूर खाली उतरवतो. ही विलोम मींड. आधी छेडून मग खेचली तर अनुलोम.

मोडीवाचक

हे फारच उपयोगी! पण कंट्रीत एक तार स्थिर आणि दुसरी खेचलेली, असंही ऐकू येतं ना?

खर्जी

हो, ती पेडल स्टीलची नक्कल. पेडल स्टील म्हणजे आपल्याकडे 'हवाईयन गिटार' म्हणून माहीत असलेल्या वाद्याचं, पायाने दाबायची पेडलं लावलेलं भावंड. पेडल दाबलं की ठरलेल्या तारेचा सूर ठरलेल्या अंतराने चढतो, बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात.

साध्या गिटारवर करून पाहायचं तर जी कॉर्ड घ्या. दुसऱ्या तारेवर दहावा पडदा (ए) अनामिकेने दाबा, मागे मधलं बोट आधाराला ठेवा. पहिल्या तारेवर दहावा पडदा (डी) करंगळीने. दोन्ही तारा एकदम छेडा आणि फक्त दुसरी पूर्ण एक स्वर चढवून बी पर्यंत न्या. आता बी आणि डी, म्हणजे जी कॉर्डचे वरचे दोन सूर, ऐकू येतात.

चुका दोन ठिकाणी होतात. करंगळी सोबत ओढली जाते आणि डी चढतो, मग सगळंच बेसूर. दुसरी चूक, खेचून झाल्यावर बोट थरथरवणं. पेडलने सूर सरळ चढतो आणि तिथेच थांबतो, थरथरीने नक्कल लगेच उघडी पडते. शिवाय बिग्सबी या दांडीसारखा हलता ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) असेल तर एक तार खेचताच बाकीच्या उतरतात. टेलिकास्टरचा ब्रिज पक्का असल्याने तिथे हा त्रास जवळजवळ नाही.

हे बोटांऐवजी यंत्रावर सोपवायचं म्हणून क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिकास्टरमध्ये तरफ बसवली. गिटारची मान खाली दाबली की खांद्यावरचा पट्टा तरफ ओढतो आणि दुसरी तार बी वरून सी शार्पला जाते.

अर्धमात्रा

ट्वँगला 'टणत्कार' सुचवतो. धनुष्याच्या दोरीचा आवाज. किंवा तंबोऱ्याची 'जवारी'?

पाचवा पडदा

जवारी अजिबात नाही. जवारीत तार सपाट घोडीला निसटती घासते आणि त्यातून झंकार उठतो. टेलिकास्टरची तार ब्रिजवर कुठेही घासत नाही. घासून झंकारली तर तो दोष, तार फार खाली बसवली आहे किंवा नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) झिजलाय.

टणत्कार पहिल्या आघातापुरता बरोबर आहे. पण ट्वँगमध्ये आघातानंतरचा, किंचित नाकातला, वरच्या स्वरांशांनी (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या बारीक सुरांनी) भरलेला आवाजही येतो. त्याची कारणं ठोस आहेत. तार ब्रिजच्या जितकी जवळ छेडाल, तितके वरचे स्वरांश जास्त. टेलिकास्टरचा मागचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबक) ब्रिजच्या पोलादी पट्टीतच तिरका बसवलेला असतो, म्हणजे तो तारेचा हाच टोकाकडचा भाग टिपतो. वर फेंडर ट्विन रिव्हर्बसारखा ॲम्प्लिफायर, दोन १२ इंची स्पीकर, मोठ्या आवाजातही न फाटणारा. बक ओवेन्सच्या तबकड्या तर मोटारीतल्या एएम रेडिओच्या छोट्या स्पीकरवर उठून दिसाव्यात म्हणून मुद्दाम तीक्ष्ण ठेवलेल्या असत.

माझं मत: 'ट्वँग' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'टणक, किंचित नाकातला नाद' एवढं लिहा. गायकाच्या गळ्याबद्दल असेल तर सरळ 'नाकातला सूर'.

तारसप्तक

+१. चिकन पिकिंगचंही भाषांतर नको. 'कोंबडीछेड' कुणी लिहिलंच तर लोक फक्त हसतील. क्रिया समजावून सांगा.

प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) अंगठा आणि तर्जनीत, मधलं बोट (कुणी अनामिकाही) मोकळं. डाव्या हाताचं बोट तारेवर टेकलेलं पण पडद्यापर्यंत न दाबलेलं. प्लेक्ट्रमने खाली मारा, नुसतं 'टक्' वाजेल. लगेच डावं बोट दाबा आणि तीच तार मधल्या बोटाने वर उपटून सोडा, पूर्ण सूर वाजेल. टक् आणि सूर यांच्या आलटापालटीतून ती कोंबडीची कटकट तयार होते.

बिघडतं ते असं. डावं बोट जास्त दाबलं तर 'टक्'च येत नाही, दोन्ही सूरच वाजतात. फार हलकं ठेवलं तर पाचव्या, सातव्या आणि बाराव्या पडद्याच्या रेषेवर हार्मोनिक (घंटीसारखा बारीक सूर) वाजतो, तिथे दोन बोटं टेकवली की तो मरतो. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) लावलं तर टक् आणि सूर यांतला लहान-मोठेपणाच सपाट होतो, म्हणजे सगळा खेळ संपला. जाड तारांवर उपटणं आणि मींड दोन्ही जड जातं. म्हणूनच जेम्स बर्टनने वरच्या तारांच्या जागी बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या होत्या. आज ००९ किंवा ०१० चा (सर्वांत पातळ तार ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची) तयार संच पुरतो.

मोडीवाचक

राहिले किकऑफ, फिल, टर्नअराउंड. किकऑफला 'उठाण' चालेल?

खर्जी

उठाण तबल्याची आहे, तिला स्वतःची बांधणी असते. किकऑफचं काम त्याहून साधं आणि कडक. बहुधा चार मात्रांची चार आवर्तनं किंवा त्याहून कमी, त्यात गायकाला पट्टी, लय आणि पहिला सूर मिळाला पाहिजे. तुकडा कितीही देखणा असो, शेवटी तो गायकाच्या पहिल्या सुराकडे नेत नसेल तर फसला. 'सुरुवातीचा तुकडा' लिहा.

फिलला आपले संगीत संयोजक 'फिलर' म्हणतात, तेच लिहा. नियम एकच: गायकाचे शब्द चालू असताना वाजवायचं नाही, ओळ संपल्यावरच्या रिकाम्या जागेत वाजवायचं. स्टील आणि गिटार दोन्ही असतील तर कडवी वाटून घेतात, एका कडव्यात स्टील, पुढच्यात गिटार. नाहीतर दोघं एकाच जागेत घुसतात.

टर्नअराउंडमध्ये खाचखळगा आहे. ब्लूजमध्ये तो शेवटच्या दोन आवर्तनांतला कॉर्डचा फेरा. कंट्रीवाले ध्रुवपदानंतर वाजणाऱ्या छोट्या मधल्या तुकड्यालाही टर्नअराउंड म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा शेवटच्या ओळीच्याच चालीवर असतो. तिथे 'मधला तुकडा' लिहा.

पाचवा पडदा

ल्यूथर पर्किन्सला हे सगळं लावू नका, एवढंच. त्याच्याकडे चिकन पिकिंग नाही, मींडही नावालाच. उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून, खर्जाच्या तारांवर मोजके दाबलेले सूर. सुरुवातीच्या वर्षांत कॅशकडे ड्रमर नव्हता. डब्ल्यू. एस. हॉलंड आला १९६०मध्ये. तोवर मार्शल ग्रँटचा बास, पर्किन्सची दाबलेली गिटार आणि 'आय वॉक द लाइन'मध्ये कॅशने स्वतःच्या गिटारच्या तारांत अडकवलेला कागद, एवढ्यावर ताल उभा होता. कॅशच्या गाण्यांतल्या त्या 'बूम चिका बूम' ठेक्यासाठी मराठी शब्द शोधू नका, तो बोलच आहे, तबल्याच्या बोलासारखा अवतरणात टाका. आणि त्याच्या टिपणात 'लीड' शब्द आला की वाचक वेगवान वादनाची अपेक्षा करेल, तेव्हा तिथेच सांगून टाका की इथे लीड म्हणजे एका वेळी एकच सूर.