कॅट कन्व्हर्टर चोक झालाय, काढून टाकू की नवीन बसवू?

घाटवाट_७२:
२०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस४, ९४ हजार किमी झालेत. दोन-तीन महिने चेक इंजिन लाइट लागतोय आणि आता खंबाटकीला गाडी दुसऱ्यावर पण रडते, मागून ट्रकवाले हॉर्न मारतात. मेकॅनिक म्हणतो कॅट (सायलेन्सर लाइनमधला धूर साफ करणारा डबा) चोक झालाय, ओरिजिनल ३८ हजार सांगितला, नाहीतर दीड हजारात आतली जाळी फोडून पोकळ करून देतो म्हणे, पिकअप पण वाढेल. कोणी केलंय का असं?

तेलकट_हात:
पोकळ अजिबात करू नको. कॅटच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याला लगेच कळतं की कॅट काम करत नाहीये, म्हणजे लाइट परत लागणार. पीयूसीला बीएस४ पेट्रोलला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) २०० पीपीएमच्या आत लागतं, जाळी नसताना ते जमणं अवघड, आणि प्रदूषणाचा दंड आता १० हजारांपर्यंत आहे. पिकअपचं म्हणशील तर चोक झालेल्यापेक्षा वाढणारच ना, चांगल्या कॅटच्या तुलनेत रोजच्या गाडीत काही कळत नाही, आवाज आणि वास मात्र वाढतो.
पण आधी सांग, स्कॅनरवर कोड काय आला? पी०४२० आला म्हणजे चोक असं नसतं बरं का, तो फक्त कॅट नीट साफ करत नाही एवढंच सांगतो, सायलेन्सरला लीक असला तरी येऊ शकतो. चोक बघायचा तर पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांग, २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर खरंच चोक.

घाटवाट_७२:
पी०४२० आहेच, सोबत पी०३०३ पण आहे. त्याचं तो काही बोलला नाही.

तेलकट_हात:
अरे मग तेच तर! पी०३०३ म्हणजे ३ नंबर सिलिंडर मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, जाळी वितळून बसते. कॉइल-प्लग आधी बदल, नाहीतर ३८ हजारांचा नवीन पण तसाच जाईल. ऑइल पीत असेल तर तेही बघ.

पुणेरी_क्लच:
आणि जुना कॅट मेकॅनिककडे सोडू नको रे. आतल्या जाळीच्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, मारुती ईको व्हॅनचे सायलेन्सर रात्रीत उगाच चोरीला जात नाहीत. स्क्रॅपवाल्याकडे भाव काढ, आणि पोकळ करून घेतलास तर ती माती कोणाच्या खिशात जाते तेही विचार त्याला 😄 बाहेरचा स्वस्त कॅट मी बसवला होता, त्यात हे धातू कमी असतात, वर्षभरात परत पी०४२०.

घाटवाट_७२:
कॉइल बदलली, नऊशे लागले, थरथर गेली. दुसरीकडे गेज लावलं तर ५ च्या वर, म्हणजे कॅट गेलाच. ओरिजिनल ऑर्डर केलाय. जुना डिकीत ठेवलाय, बायको विचारते हे भंगार कशाला.