मदत हवी आहे: कॅटास्कोपस भुंगेऱ्याची जात कशी ओळखायची?

रात्री आडव्या पडलेल्या ओंडक्यावर टॉर्चच्या उजेडात हिरवट-निळा, धातूसारखा चमकणारा भुंगेरा दिसला. डोळे मोठे, बटबटीत. टणक पंखांची टोकं कापल्यासारखी. इतका चपळ, की दहा फोटोंत एकच धड आलाय! कॅराबिडे (ग्राउंड बीटल) कुळातली कॅटास्कोपस प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) असावी. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ किर्बीने ती १८२५ मध्ये मांडली, पण जातीपर्यंत पोचताना माझं घोडं अडतं. ब्रिटिश भारतातल्या कॅराबिडे भुंगेऱ्यांवरचे अँड्र्यूजचे १९२९ आणि १९३५ चे खंड चाळले, त्यांत हा गट येतच नाही. पेरिकॅलस या जवळच्या प्रजातीपासून वेगळा ओळखायला नेमकं काय पाहावं? पंखांच्या टोकाचे काटे भरवशाचे, की नराच्या जननांगाचं विच्छेदन करावंच लागेल? नमुना मारायची इच्छा नाही. मग फोटो कोणकोणत्या बाजूंनी काढू?